देवराव सरांना वीसपैकी सात

राळेगावच्या कॉलेजात मराठी शिकवणारे देवराव सर निबंध तपासायचे म्हणजे वर आकडा, खाली सही. काहून, कशापायी, काही नाही. कापसाला भाव नसलेलं ते दोन हजार सहा साल, अन् सरांच्या हातून मार्कही तसेच जेमतेम सुटायचे.

एका सकाळी त्यांनी साधनाची वही परत दिली. वीसपैकी सहा. पोरगी उभीच राहिली.

"सर, सहा काहून?"

"भाषा कमजोर हाये तुई."

"म्हंजे कुठं? खरेदी केंद्रावरचा ग्रेडर बी असाच कापसाच्या गाडीत हात घालते अन् म्हणते, माल हलका हाये. बाबानं काहून इचारलं का म्हणते, चला पुढं! आता मी काई लिहित नाई."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच ग्रेडरला त्यांच्या आईनं, तुळसाबाईनं, तोंडभरून घातलेल्या शिव्या त्यांनी ऐकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडू पोरांच्याच हाती दिला. "चांगलं लिहिणं कशाले म्हणता, ते तुमीच ठरवा."

तासभर भांडाभांडी करून फळ्यावर चार रकान्यांचा तक्ता झाला. एकच गोष्ट धरून ठेवली का? सोताच्या डोळ्यानं पाह्यलेलं हाये का? फुकटचे शब्द किती? पुढं वाचावंसं वाटते का? रकान्याला पाच मार्क. शेवटच्या रकान्यात पिंटूनं खुलासा जोडला : 'पाच म्हंजे वाचता वाचता कपातला च्या थंडा. एक म्हंजे वाचणारा घोरून राह्यला.'

साधनानं पिशवीतून कॉलेजचा वार्षिक अंक काढला. "सरांच्या लेखापासून सुरू करू."

'मानवी जीवनात श्रमाला अनन्यसाधारण महत्त्व आहे...'

"सर, याच्यात घाम कोणाचा?" पिंटूनं विचारलं, अन् वर्गात हशा फुटला.

साधनानं एकेका मार्कापुढं कारण लिहिलं. बेरीज सात. सर हसता हसता खोकलले. "आता सुधरू कसा?"

"दुसरा रकाना पाहा. तुमी पाह्यलेलं काईच नाई."

आठवडाभर खरडून सरांनी नवा लेख वर्गात वाचला. कापूस वेचून वंदनीय मातेची बोटं फाटायची. तिखट वरण झोंबलं की ती वरणालाच म्हणायची, मुर्दा बशिवला तुया! मग स्वतःच हसून जेवायची.

"सोळा," साधना म्हणाली. "वंदनीय कापा. फुकटचा हाये."

सरांनी तिथंच कापला.

"माह्या मार्काले बी कारण लिहान?"

"एकेका मार्काले."

"मंग घ्या." तिनं नवी लिहिलेली सहा पानं पुढं सरकवली.

सर बाकावरच वाचत बसले. पुढच्या तासाचे मास्तर दारात येऊन खाकरले.

"थांबा ना भाऊ," मान वर न करता सर म्हणाले, "आत्ताशी दुसऱ्या पानावर हावो."