दरफळणीच्या अक्का

अक्कांचं दार वर्षातून एकच दिवस बंद असे, आणि त्या दिवशी ते कुणीही वाजवायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. एरवी धारवाडच्या केलगेरीतल्या आमच्या गल्लीतलं मांजरही त्यांच्या घरात विचारून शिरत नसे.

अक्का बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. दरफळणी हा त्यांचा दार लावून, निर्जळी उपास धरून देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा सण. पूर्वी हुबळीहून रेल्वेतली चार कुटुंबं प्रार्थनेला त्यांच्या हॉलमध्ये येत. एकेक करत ती इस्रायलला गेली, मुलगाही गेला. अक्का मात्र हटल्या नाहीत. मलिद्याच्या, म्हणजे देवाला दाखवायच्या गोड पोह्यांत खोबरं कमी पडलं तरी स्वतःलाच बोल लावायच्या. "देवाला चालेल गं, मला नाही चालत," म्हणायच्या.

डॉक्टरांनी शुगरपायी उपास बंद केला होता. मी आठवण केली तर म्हणाल्या, "इरली, असू दे. बारा महिने गोळ्यांचं ऐकते, एक दिवस देवाचं ऐकू दे."

तीन वर्षांपूर्वीच्या दरफळणीला दुपारपर्यंत खिडकीतून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. चारला ते थांबलं. तेवढ्यात मुलाचा फोन आला, "ताई, आई बरी आहे ना? जरा बघता?" मी दारापुढे उभी राहिले. वाजवावं तर त्यांचा सण मोडतो, न वाजवावं तर काय होईल कोण जाणे. शेवटी वाजवलंच.

बऱ्याच वेळानं कडी सरकली. अक्का भिंत धरून उभ्या होत्या, पांढरी साडी घामानं भिजलेली. साखरपाणी पुढे केलं तर मान फिरवली. मग माझ्याकडे पाहून दोन घोट घेतले आणि रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"त्याला सांगू नको," त्या म्हणाल्या. "न्यायला येईल."

मी सांगितलं. माझ्या भित्रेपणाला मी काळजी हे नाव दिलं. महिन्याभरात मुलगा आला, घर विकलं. निघताना अक्का माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

वर्ष भरायच्या आत त्या तिकडेच वारल्या. मुलानं फोनवर सांगितलं की गेलेल्या माणसामागच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते तिथं पाच मिनिटांत जमले. धारवाडात कुठून आणले असते, असं तो म्हणाला. मी बरं झालं म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र एकच विचार डोक्यात राहिला, त्या दहांपैकी मुलगा सोडला तर अक्कांना एकही ओळखत नव्हता.