बाहेरचं काही ऐकू येत नाही

दुकानात सगळे त्याला कानसेन म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे कानसेन. पाठीमागचं नाव त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लोक थट्टेनं म्हणत असतील तर म्हणू देत, असं तो बायकोला सांगायचा. थट्टासुद्धा कुणी उगीच करत नाही.

दुकान हेडफोन आणि स्पीकरचं. पुढे काचेची कपाटं आणि मागे एक लहान खोली, तिच्या भिंतींना जाडजूड गालिचे ठोकलेले. त्या खोलीत त्याचं राज्य होतं. तरुणपणी तो रेडिओ दुरुस्त करायचा, नंतर टेपरेकॉर्डर. मग ते सगळं भंगारात गेलं आणि हा तेवढा उरला. म्हाताऱ्या मालकानं त्याला ठेवून घेतलं, म्हाताऱ्याच्या मागे त्याच्या मुलानंही ठेवलं. मुलाला गाणं आणि गोंगाट यांतला फरक फारसा कळत नव्हता. पण दुकानात एक तरी माणूस कानाचा पक्का असावा, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

त्याची खरी गरज पडायची ती मधल्या किमतीच्या बंद हेडफोनांसाठी. महागडा घेणारा कुणाला विचारत नाही आणि स्वस्तातला घेणाऱ्याला विचारायची फुरसत नसते. मधल्या किमतीचा घेणारा मात्र जिवावर आल्यासारखा खिशात हात घालतो आणि त्याआधी दहा जणांचं डोकं खातो. काही हेडफोनांची मागची बाजू जाळीची असते, आवाज मोकळा येतो, पण शेजारी बसलेल्यालाही आपलं गाणं ऐकावं लागतं. बंद हेडफोनात आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. कचेरीत, प्रवासात, घरात सासू-सुनेचं वाजलेलं असताना लोकांना हेच लागतात.

दर महिन्याला कानसेन तीन-चार नवे जोड घेऊन बसायचा, त्यांची तुलना करायचा आणि त्याचा निकाल दुकानाच्या वेबसाइटवर झळकायचा. पहिलं काम म्हणजे सगळ्यांचा आवाज सारखा करून घेणं. जरा मोठ्यानं वाजणारा हेडफोन माणसाला नेहमीच सरस वाटतो, त्यात भलेभले फसतात. मग सगळ्यांवर एकच गाणं. गाणारी एक बाई, एक व्हायोलिन आणि मागे खर्जात घुमणारं एक वाद्य. निकाल त्याच्या स्वतःच्या भाषेत असे. ‘खालचा आवाज फुगलाय.’ ‘बाई दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली.’ ‘व्हायोलिन टोचतंय.’ वाचणाऱ्याला पटकन कळायचं आणि गिऱ्हाईक सहसा परत भांडायला यायचं नाही.

शेवटची परीक्षा घरी होत असे. बाहेरचा आवाज किती आत शिरतो ते बघायचं, आणि दुकानातली खोली मुळातच मुकी. हे काम बायकोचं. तो भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचा, गाणं बेताचं लावायचा आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायची. ऐकू आलं की त्यानं हात वर करायचा. बाई होती मिश्कील, आयती संधी सोडते कशाला? “आज भाजी खारट झालीय, मुकाट्यानं गिळायची.” “तुमची बहीण येतेय म्हणे, मी चालले माहेरी.” “हेडफोन राहू देत, आधी आरशात बघा, कानावर केस उगवलेत.” त्याचा हात झटकन वर जायचा, तो वळायचा आणि दोघं पोट धरून हसायची. अशी बरीच वर्षं मजेत गेली.

पुढे पुढे हात वर जाईनासा झाला. तिचा आवाज मुळातच बारीक होता. त्याला वाटलं, कारखानेवाले सुधारले. “आता कुठे बंद हेडफोन करायला शिकले बघ लोक,” तो म्हणायचा आणि भरभरून शेरा द्यायचा. व्हायोलिनही हल्ली टोचत नव्हतं. त्याचंही श्रेय त्यानं कारखान्यांनाच दिलं. माणूस स्वतःची समजूत कशी घालेल, काही सांगता येत नाही.

बायकोनं एकदाच विषय काढला. “अहो, एकदा डॉक्टरांना कान दाखवून या ना.” तो असा भडकला की विचारता सोय नाही. “माझे कान? लोक माझ्या कानांवर विसंबून खरेदी करतात, आणि तू घरात बसून माझ्या कानांत खोट काढतेस?” नंतर कितीतरी दिवस अबोला. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त समोर येऊन, जरा मोठ्यानं बोलायला लागली. म्हातारपणी बायको तापट होत चाललीय, असा त्यानं त्याचा अर्थ लावला.

सुट्टीची दुपार होती. तीन नवे जोड आले होते, काळा, तपकिरी आणि करडा. बायको आंघोळीला जाता जाता काहीतरी म्हणाली, त्यानं मान हलवली. काळ्याचा खालचा आवाज फुगलेला होता. तपकिरी बरा होता, पण कान तापत होते. करडा त्यानं घातला आणि बाई अगदी जागच्या जागी येऊन गायला लागली, व्हायोलिन लोण्यासारखं. त्यानं गाणं पुन्हा लावलं. मग कामासाठी नाही, नुसतं सुखासाठी, आणखी एकदा. हेडफोन कानावर ठेवूनच त्यानं निकाल लिहिला: करडा घ्यावा, बाहेरचं काही ऐकू येत नाही.

मग तो उठला तेव्हा बाथरूमच्या दाराखालून पाणी येत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. बायको फरशीवर पडली होती. एक बाजू लुळी पडलेली, डोळे उघडे, ओठ हलत होते पण शब्द निघत नव्हता.

चार-सहा दिवस काढून ती गेली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं, पडल्या पडल्या आणलं असतं तर वेगळं झालं असतं. आणि घरी भेटायला आलेली तेराचौदा माणसं बसलेली असताना भिंतीपलीकडची शेजारीण रडत रडत बोलून गेली, “भाऊजी, मला ऐकू येत होतं हो. ‘अहो, अहो’ करून हाका मारत होत्या. मला वाटलं, टॉवेल मागत असतील. तुम्ही घरात आहात हे माहीत होतं, म्हणून मी उठले नाही.”

मग कुणीतरी म्हणालं, “त्यांच्या कानावर ते होतं ना. त्यांना कसं ऐकू येणार?” लगेच सगळ्यांनी तेच उचललं. यात तुमचा काय दोष, कामच तसं, कुणालाही ऐकू आलं नसतं. मुलगी, तिच्या घरून आलेली, तीही त्याच्या पाठीवरून हात फिरवत हेच म्हणाली.

त्यानं ते वाक्य घट्ट धरलं. न विचारता तो लोकांना करड्या हेडफोनबद्दल सांगायला लागला. गाद्या किती जाड आहेत, कानाभोवती कशा चपखल बसतात, बाहेर काही कोसळलं तरी आत पत्ता लागत नाही. बायको गेलेला माणूस हेडफोनची तारीफ करतोय, हे ऐकून भेटायला आलेले लोक चुळबुळत उठून जायचे. पण त्याचा सगळा जीव त्यावर टांगलेला होता. हेडफोन तसा असेल तर तो अभागी होता, एवढंच. नसेल तर काय, तो विचार त्यानं एकदाही पुरा केला नाही.

तो पुन्हा दुकानात जायला लागला आणि एका सकाळी एक बाई करडा जोड परत घेऊन आली. कचेरीत हिशेब करणारी, आणि ठणकावून बोलणारी.

“तुम्ही लिहिलंय बाहेरचं काही ऐकू येत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची फोनवर नवऱ्याशी भांडते. शब्दन् शब्द ऐकते मी, गाणं चालू असताना!”

“तुम्ही नीट घातला नसेल,” कानसेन म्हणाला. “केस मधे येत असतील. कानातलं काढून बघा.”

“सगळं करून बघितलं.”

मालकानं जोड हातात घेतला, घातला, गाणं लावलं, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. “काका, बरोबर आहे त्यांचं. हॉर्न येतोय.”

“हा नग खराब असेल.”

मालकानं कपाटातून दुसरा काढला, सील फोडलं, घातला. “यातही येतोय.”

“तुला काय कळतं रे गाण्यातलं?” कानसेन ओरडला. गिऱ्हाइकासमोर तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला होता.

“गाण्यातलं नाही कळत, काका,” मालक हळूच म्हणाला. “हॉर्न कळतो.”

त्यानं बाईचे पैसे परत केले. काकांकडे न बघताच जोड काउंटरवर ठेवला. चिडला असता तर बरं झालं असतं. कानसेननं परत आलेला जोड पिशवीत घातला आणि कुणाला न सांगता घरी निघाला.

मुलगी अजून घरीच होती, आईची कपाटं आवरत. “लवकर आलात? बरं वाटत नाही का?” असं तिनं विचारलं असावं. भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीत त्यानं तिला बसवलं.

“हे घाल. गाणं ऐक. मला या जोडाबद्दल तुझं मत हवंय.”

“मला काय कळतं यातलं, बाबा?”

“नुसतं ऐक गं. सगळं गाणं ऐक.”

आवाज त्यानं त्या दुपारी होता तेवढाच ठेवला. त्यात चूक व्हायची नाही, बाकी काही नाही तरी हे त्याला येत होतं. ती बिचारी डोळे मिटून बसली. बापाचं मन रमतंय तर रमू दे, असा चेहरा. तो बाथरूममध्ये गेला, दार लोटलं आणि कोरड्या फरशीवर आडवा झाला. गुडघे दुखले, डोकं बादलीला लागलं.

आता हाक मारायची. किती मोठ्यानं? पडलेल्या बाईचा आवाज, आणि तोही तिचा, बारीक. त्यानं मनात तो आवाज आणायचा प्रयत्न केला आणि त्याहूनही थोडा खालीच धरला. इथे तो लबाडी करत होता आणि हे त्याला कळत होतं. मुलगी जागची हलू नये, गाणं संपेपर्यंत बसून राहावी, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्या बदल्यात त्यानं काय वाटेल ते दिलं असतं.

“अगं,” तो म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला. “अगं ए.”

धाडकन दार उघडलं. मुलगी दारात उभी होती, चेहरा पांढराफटक, हेडफोन कानावर तसाच, वायर मागे फरशीवर लोळत आलेली.

“बाबा! काय झालं? पडलात?” ती इतक्या मोठ्यानं ओरडली की त्यालाही सगळं ऐकू आलं.

“गाणं चालू होतं?”

“हो, चालू होतं. उठा आधी. कुठे लागलं?”

“मधेच थांबलं होतं का? दोन गाण्यांच्या मधे?”

“नाही हो बाबा, चालू होतं. ती बाई गात होती. तुम्ही हाक मारलीत आणि मी आले.”

मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. तो कुठे, कसा आडवा झालाय ते बघितलं आणि तिला कळलं. तिनं हात तोंडावर नेला. खाली बसून तिनं त्याला उठवायला दंड धरला, पण तो अंग सोडून तसाच पडून राहिला.

त्यानं एकदाच हाक मारली होती. बायकोनं किती वेळा मारल्या, ते शेजारणीनं सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.