कूलरसमोरची खाट

माझ्यावर उपकार काकूंचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. काकू म्हणजे ज्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी राहतो त्या. नात्यातल्या नाहीत. त्या पक्क्या नागपूरच्या, मी देवगडकडचा.

नववी अर्धवट सोडून मी गावातल्या एका आंबेवाल्याबरोबर इथे आलो. हापूसच्या पेट्या विकायच्या आणि सीझन संपला की परत जायचं, एवढंच ठरलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम निथळतो. इथे तो यायच्या आधीच वाळतो, त्यामुळे आपल्याला काही होतंय हे कळतच नाही. मे महिन्यात काकूंच्या फाटकाशी पेटी उतरवताना मी खाली बसलो, तो उठलोच नाही. काकूंनी मला आत घेतलं, उकडलेल्या कैरीचं पन्हं पाजलं आणि स्वतःच्या खाटेवर, कूलरसमोर झोपवलं. कूलर नावाची वस्तू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चार दिवसांनी हिंडूफिरू लागलो तोवर आंबेवाला माल संपवून निघून गेला होता. काकूंनीच मला ओळखीच्या कूलरच्या दुकानात नेलं आणि मालकाला म्हणाल्या की पोरगा कोकणातला आहे, पाण्याले भिणार नाही. आईला फोनवर हा धंदा समजावून सांगितला तर ती म्हणाली, "पाण्यातसून वारो कसो येता रे?" तिला ते अजून पटलेलं नाही.

काम तसं सोपं. मार्च लागला की घराघरातून बोलावणं येतं. गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर खाली आणायचा, गंज खरवडून रंगाचा हात द्यायचा, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतलं, पाण्यानं भिजत राहणारं गवत बदलायचं, पंप बघायचा आणि खिडकीत बसवून द्यायचा. पाऊस सुरू झाला की परत काढायचा. दूधवाला फाटकापर्यंत येतो, कुरियरवाला पायरीपर्यंत. कूलरवाल्याला मात्र शेवटच्या खोलीच्या खिडकीपर्यंत जावं लागतं. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कॉलनीत, मी आतून न पाहिलेलं घर नाही.

लेआउटला लागूनच एक कॉलेज आहे. गडचिरोली, गोंदिया, नरखेडकडच्या खेड्यांतल्या मुली तिथे शिकायला येतात आणि लोकांच्या वरच्या मजल्यांवर भाड्यानं राहतात. एका खोलीत चार खाटा, कुठे पाच. खिडकी एक, कूलर एक. हवा लागते ती पहिल्या खाटेला. बाकीच्यांना नुसता आवाज. म्हणून मुली पाळ्या लावतात. कूलरच्या बटणाजवळ वहीचं पान चिकटवलेलं असतं : आज अमकी, उद्या तमकी. गवत बसवताना ते पान माझ्या तोंडासमोरच असायचं, त्यामुळे वाचलं जायचं. त्याबद्दल मी कुणाला काही बोललो नाही, कुणी विचारलंही नाही.

मग कॉलेजनं जाहीर केलं की त्यांच्या मैदानावर मुलींचं चार मजली हॉस्टेल होणार आणि शेजारी वर्गांची नवी इमारत. लेआउट पेटला. त्या मैदानावर लोक सकाळी फिरतात, गणपती बसतो, कडेला जुने कडुलिंब आहेत. रस्ता अरुंद, नळाला पाणी जेमतेम तासभर. ह्या तक्रारी खऱ्याच होत्या, आणि आजही खऱ्या आहेत. रहिवाशांनी महापालिकेकडे हॉस्टेलविरुद्ध अर्ज केला. लेआउटचे सेक्रेटरी स्वतः माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले की तूही इथलाच, सही कर. कुणी मला इथला म्हणालं याचंच मला इतकं वाटलं, की न वाचता सही केली.

अर्जाच्या शेवटी एक मुद्दा होता, तो मला नंतर कळला. लेआउटमध्ये बाहेरगावच्या मुली जवळजवळ नाहीतच, त्यामुळे हॉस्टेलची गरज नाही, असा. भाडेकरू ठेवल्याचं बहुतेकांनी महापालिकेला कळवलं नव्हतं. शिवाय हॉस्टेल झालं की खोल्या रिकाम्या पडणार. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

सुनावणी रविवारी सकाळी समाजभवनात होती. मी तिथे होतो तो हॉलचे दोन कूलर चालवायला. समोर महापालिकेचे अधिकारी, बाजूला कॉलेजच्या एक मॅडम, खुर्च्यांवर रहिवासी, मागे भिंतीला टेकून मुली उभ्या. ऐकू येत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी एक कूलर बंद करायला लावला. मॅडम म्हणाल्या की कितीतरी मुली आसपास दाटीवाटीनं राहतात. सेक्रेटरी म्हणाले की असतील दोन-चार. मागून एक मुलगी म्हणाली की दोन-चार तर आमच्या बाथरूमच्या दारात उभ्या असतात, साहेब. हशा झाला. मग खुर्च्यांवरूनच कुणीतरी गमतीनं म्हणालं, "कूलरवाल्याले विचारा ना. तो तं घराघरात जाते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून बटणावरच होता. ज्यांच्याकडे माझं काम होतं ती सगळी घरं समोर बसलेली होती, आणि तिसऱ्या रांगेत काकू. काकूंच्या वरच्या मजल्यावरही मुली होत्याच. खरं बोललो तर आधी त्याच उघड्या पडणार होत्या.

मी म्हणालो, "मी कूलर बघतो साहेब. माणसं नाही बघत."

लोक हसले. सेक्रेटरी म्हणाले की पोरगा बम हुशार आहे. मलाही सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात काकू उठल्या.

"माझ्या घरी आठ पोरी आहेत," त्या म्हणाल्या. "दोन खोल्या, दोन कूलर. लिहून घ्या साहेब."

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा. येणाऱ्या-जाणाऱ्या धरून सांगून राहिल्या असाल."

"मले आठपर्यंत मोजता येते," काकू म्हणाल्या, आणि बसल्या.

अधिकाऱ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आता काकूंना खोटं ठरवायचं की नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी सांगितलं की आठच आहेत. कूलरसमोरच्या खाटेच्या पाळ्या भिंतीवर लावल्यात, दोन्ही खोल्या मिळून आठ नावं आहेत. त्यांनी विचारलं, "आणि बाकीच्या घरांत?"

"बाकीच्या घरांतही पाळ्या लावलेल्या आहेत," मी म्हणालो.

आकडा मी सांगितला नाही. पण त्यांनी काहीतरी लिहिलं, आणि मागे उभ्या मुलींपैकी एकीनं घडी घातलेलं वहीचं पान काढून टेबलावर नेऊन ठेवलं. मग दुसरीनं मोबाईलवर फोटो दाखवला. माझ्या सहीचा अर्ज त्याच टेबलावर होता.

घरी आल्यावर मी काकूंना म्हणालो की तुम्ही बोलायला नको होतं, तुमचंच नुकसान आहे. त्या वरणाला फोडणी देत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "त्या पोरींची पाळी चौथ्या दिवशी येते. मी तं रोज कूलरसमोर झोपून राहिली. आणि तू काहून खोटा बोलला गा? माझ्यासाठी?" मी हो म्हणालो. "मंग पुढच्या वेळी माझ्यासाठी खरं बोल," त्या म्हणाल्या, आणि मला जेवायला वाढलं.

काही महिन्यांनी हॉस्टेल मंजूर झालं. वर्गांची इमारत मागे पडली, अर्धं मैदान फिरायला राहिलं, कडुलिंबही बरेचसे वाचले. सकाळी फिरायला निघणाऱ्या बायका काकूंना फाटकातून हाक मारायच्या, ते बंद झालं. काकू आता एकट्याच फिरून येतात. माझी चार घरं सुटली. सेक्रेटरींनी मात्र यंदाही मलाच बोलावलं. गवत बदलून होईपर्यंत खोलीतच उभे राहिले. बटणाजवळच्या भिंतीवर नुसत्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या.

हॉस्टेलचे खांब आता काकूंच्या गच्चीवरून दिसतात. येत्या सत्रात मुली तिकडे जातील आणि वरचा मजला रिकामा होईल. त्यावर काकू काही बोलत नाहीत. परवा फक्त एवढंच विचारलं की वरचे दोन कूलर कुणी घेईल काय. मी म्हणालो, इतक्यात काढू नका.

माझ्या मनात एक आहे, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. आई गावाला एकटी असते, आणि मुली गेल्या की काकूही ह्या घरात एकट्याच. वरच्या दोन खोल्या मी रीतसर भाड्यानं घेईन, आईला घेऊन येईन आणि पाण्यातून वारा कसा येतो ते तिला समोर बसवून दाखवेन. कामाचं असं झालंय, त्यामुळे कधी ते नक्की सांगता येत नाही आणि त्याची धास्ती वाटते. पण काकू, वरचा मजला मी फार काळ रिकामा राहू देणार नाही.