चहा उकळेपर्यंतचे शब्द

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, नितीनला, नाही. नामपूरला आईला तर नाहीच — तिनं फोनवरच माझी सालटी काढली असती. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की मध्येच 'जाऊ दे गं' म्हणणार नाही म्हणून?

आधी खेळ सांगते. माझे सासरे, अप्पा, पिंपळगावला मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे. उभं आयुष्य तेच केलं. आता आम्ही सगळे गंगापूर रोडला राहतो. रविवारी नणंद तिच्या मुलांना घेऊन जेवायला येते, आणि जेवणं झाली की अप्पा जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले चौकोन ताटात ओततात. एका बाजूला इंग्रजी अक्षर, मागं कुणाच्या तरी लग्नातला अर्धा गणपती. सात चौकोन उचलायचे आणि त्यांतून इंग्रजी शब्द काढायचे — पाच अक्षरी. चार चालत नाहीत, सहाही नाहीत. वेळ किती? चहा उकळेपर्यंत. चहा बाहेर आला की खेळ संपला, मग ज्यानं त्यानं आपले शब्द सांगायचे.

आता चहा कोण करणार? सूनच ना!

पहिले कितीतरी रविवार माझा भोपळा. नणंदेचा थोरला एकदा म्हणाला, "मामी, तू नुसती साखर बरोबर घाल, बाकी आम्ही बघतो." सगळे हसले. मीही हसले. लागलं का? लागलं की! पण ते कारण म्हणून सांगत नाहीये, झालं तसं सांगतेय.

सुरुवात झाली ती साध्या कुतूहलानं. आधण ठेवलं होतं, बाहेर सगळ्यांनी मिळून दोन-तीन शब्द काढले होते, आणि मला वाटलं — त्या सात अक्षरांत अजून काय काय दडलंय, बघावं तरी! फोनवर शोधलं. निघालं एक पान. अक्षरं टाकायची, पाच म्हणायचं, की शब्दांची ही रांग! अगं बाई, एवढे? आम्ही दुपारभर ताटाकडे डोळे फाडून बघतो, आणि हे सगळे तिथंच असतात? त्यात एक होता 'लोरिस'. हा कोण बुवा? बघितलं तर झाडावर राहणारं, बशीएवढ्या डोळ्यांचं एक चिमुकलं जनावर. मी गॅस बारीक केला आणि त्याचे फोटो बघत बसले. शप्पथ सांगते, जिंकायचं तेव्हा मनातही नव्हतं.

पण चहा घेऊन बाहेर आले आणि तोंडातून निघालं — लोरिस.

अप्पांनी विचारलं, "म्हणजे काय गं?" मी सांगितलं. त्यांनी तो जाडजूड शब्दकोश काढला, चष्मा वर-खाली केला, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "आहे की! वा, वैशाली, वा!" लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात मला कुणी असं वा म्हटलं नव्हतं.

मग काय. दर रविवारी. शब्द जास्त हवे असले की गॅस बारीक, काम झालं की मोठा — चहा उकळणं माझ्याच हातात होतं. आणि नणंद तिच्या नवऱ्याला सांगायची, "बघा, चहा करता करता काढते!" मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कुणाला फार कष्ट पडले नाहीत.

एवढंच, म्हणाल तुम्ही. घरातल्या खेळात थोडी लबाडी, त्यात काय? मीही स्वतःला हेच सांगत होते. पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि मी ती मागे सारत होते. आदल्या वर्षी अप्पांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. हात सुधारला, बोलणं सुधारलं. डॉक्टर म्हणाले, डोकं चालतं ठेवा. म्हणून तर हा खेळ सुरू झाला होता! आम्हाला तो खेळ होता. अप्पांना ती दर रविवारची परीक्षा होती.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "मला पूर्वी अक्षरं पडली की शब्द दिसायचे गं. आता तुला दिसतात, मला नाही. त्या झटक्यानं आत काहीतरी बिघडलंय का?"

सांगायची वेळ तीच होती, नाही का? एक वाक्य पुरलं असतं. अप्पा, मी फोनमध्ये बघते. ते हसले असते बहुतेक. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ते म्हणाले, "तू कसं बघतेस? मला शिकव ना."

आणि मी शिकवलं.

हेच ते. लबाडी परवडली, पण हे... मी बसल्या जागी एक पद्धत रचली. म्हटलं, शब्द शेवटून बघायचा, अप्पा. आधी शेवटचं अक्षर धरायचं, मग त्याच्या आधीचं, असं उलटं चालत यायचं. का सुचलं असं? माहीत नाही. खरं वाटेल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी मान डोलावली, अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखी.

मग रोज सकाळी देवपूजा झाली की ते चौकोन मांडून बसायचे. शेवटच्या अक्षरापासून, उलटे. ओठ हलायचे. मी पोळ्या लाटत बघायची. आधी त्यांना दोन-तीन शब्द तरी सहज दिसायचे, आता तेही दिसेनात. एका रविवारी मी चहा आणला तेव्हा त्यांच्यापुढे एकही शब्द नव्हता. त्यांनी चौकोन गोळा केले, पिशवीत भरले, आणि म्हणाले, "पुरे आता." त्या दिवशीही मी माझे शब्द सांगितलेच होते.

संध्याकाळी ते आमच्या पार्किंगमध्ये दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. मराठी शाळेतली मुलं, फुकट. त्या मुलांच्या नावानं त्यांचा दिवस उगवायचा. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्ग बंद केला. मखमलाबादहून फुलं विकायला येणारी एक बाई मुलीसाठी विचारायला वर आली, "सर, लय चांगलं चाललं होतं तिचं. का बंद केलं?" अप्पा म्हणाले, "माझं डोकं आता भरवशाचं नाही, ताई. पोरांचं नुकसान नको. आमची सून घेईल. तिचं डोकं माझ्यापेक्षा चालतं."

मी 'हो' म्हणाले. ऐकताय ना? 'हो' म्हणाले.

सध्या वर्ग मी घेते. वरच, आमच्या हॉलमध्ये. फोन पुस्तकाखाली ठेवून. अप्पा आतल्या खोलीत बसतात, दार किलकिलं ठेवून. त्यांना काय ऐकायचं असतं — मुलांचा आवाज, की इंग्रजी, की मी?

परवा मी मुलांना व्याकरणाचा एक नियम चुकीचा सांगितला. मला तेव्हा कळलं नाही, रात्री कळलं. पण मुलं गेल्यावर अप्पा बाहेर आले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "वैशाली, हा नियम मी जन्मभर उलटाच शिकवत आलो की काय गं?"

मी म्हणाले, "असेल, अप्पा."