लशीची कुपी घेऊन मांजरीला

सकाळी साडेनऊला मी आपला निळा थर्मास छातीशी धरून रिक्षात बसले. चिन्मय, इरा, तुम्ही दर सुट्टीत एक नवा देश पाहता आणि आजीला फोटो पाठवता. माझा अलीकडचा सर्वांत लांबचा प्रवास जेमतेम पंधरा किलोमीटरचा, पुण्यातल्या सदाशिव पेठेतून मांजरी गावापर्यंत. पण त्या दिवशी मी जे पाहिले, ते अजून माझ्या मनातून उतरलेले नाही.

रिक्षावाल्याने आरशातून थर्मासकडे पाहिले आणि चहा विकायला निघालात का, असे विचारले. तान्ह्या बाळाचे औषध आहे, गचके नकोत, असे मी सांगितले.

"खड्डे चुकवतो," तो म्हणाला. "पुण्यात ते जमत नाही. तरी चुकवतो."

बाळ मीनलचे. मीनल आपली वरच्या मजल्यावरची भाडेकरू, वर्ध्याची. नवराबायको दोघेही संगणकाच्या कंपन्यांत. नवरा कामासाठी परदेशी गेलेला. म्हणून ती बाळंतपणाला मांजरीला बहिणीकडे गेली होती. दिवस भरत आले असताना तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू सापडला होता. ना डोळे पिवळे, ना थकवा. डॉक्टर म्हणाले, बहुधा हा तिच्या जन्माच्या वेळी तिच्या आईकडून आला असावा.

मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते आणि नेहमीच्या सवयीने वही नेली होती. यकृताला धरणारे विषाणू अनेक. ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. त्यांच्यासाठी पाणी उकळावे, हात धुवावेत. बी आणि सी रक्तातून जातात. वापरलेली सुई, दुसऱ्याचे दाढीचे पाते, न तपासलेले रक्त, आणि बी तर जन्माच्या वेळी आईकडून बाळात. मोठ्या माणसाचे शरीर बहुतेक वेळा बीला हाकलून देते. नवजात बाळाला तो परका आहे हेच ओळखता येत नाही, म्हणून तिथे तो जन्मभर मुक्काम ठोकतो आणि पुढे कधीतरी यकृत पोखरतो. साध्या सूक्ष्मदर्शकातही न दिसणारा हा जीव. त्याला जीव म्हणावे की नाही, यावरही शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मी लिहिता लिहिता थांबले होते.

उपाय ऐकून तर थक्क झाले. जन्मानंतर बारा तासांच्या आत बाळाच्या एका मांडीत तयार प्रतिपिंडे टोचायची, दुसऱ्या मांडीत लस. आणि ही लस कोण करते? यीस्ट, पाव फुगवणारे! विषाणूच्या नुसत्या सालीची नक्कल त्याच्याकडून करून घेतात. बाळाचे शरीर ती साल पाहून शत्रूचा चेहरा शिकते.

त्या दिवसांत शहराबाहेर वीज तासन्‌तास जाई. मांजरीच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या फ्रिजचा भरवसा नव्हता. म्हणून दोन्ही औषधे माझ्या फ्रिजमध्ये ठेवली होती. सकाळी सहाला बाळ झाले, मुलगी, दोन आठवडे आधीच. म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत वेळ होता.

हडपसरला मी उतरले. तीस वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांबरोबर इथे आले होते तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस आणि भाजीचे मळे होते. आता काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रे अडकवून रस्ता ओलांडणारी मुले, आणि त्यांच्यामधून शांतपणे चाललेली उसाची बैलगाडी. तिथून मी टमटम (सहा आसनी रिक्षा) पकडली. सहा आसनांवर आम्ही नऊजण होतो.

मांजरीचे रेल्वे फाटक बंद होते. माझ्या शेजारी एक फुलवाली बसली होती. पहाटे मार्केट यार्डात फुले विकून रिकाम्या पाट्या (वेताच्या टोपल्या) घेऊन गावी परतत होती. थर्मासात काय आहे, असे तिने विचारले. मी अभिमानाने सगळे सांगितले: लशीची कुपी पिशवीत बांधून थेट बर्फात खोचली, आणि बर्फ लवकर वितळू नये म्हणून वर खडेमीठ घातले. प्रतिपिंडांचे खोके थर्मासात बसेना, तेव्हा नाइलाजाने ते ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले.

"मीठ?" ती म्हणाली. "आवं, आमी बर्फाला फूल टेकूबी देत न्हाय. जळतं ते. खाली बर्फ, वर गोणपाट, वर कागद, मंग फूल."

तुम्हाला आठवते ना, मे महिन्यात आपण गच्चीवर आंब्याचे आइस्क्रीम करायचो? भांड्याभोवती बर्फ, आणि बर्फात खडेमीठ. इरा, तू विचारले होतेस, मीठ कशाला? आणि मीच सांगितले होते की मिठाने बर्फ जास्त थंड होतो, म्हणून दूध गोठते.

थर्मास उघडून मी कुपी काढली. आतली लस पांढरी आणि घट्ट होती. उलटी केली तरी हलेना.

फाटक उघडायला वीस मिनिटे लागली. तेवढ्यात माझ्या तळहातात ती वितळली आणि पुन्हा दुधाळ पाणी झाली, अगदी पहिल्यासारखी. पाहणाऱ्याला काहीच कळले नसते. खरे सांगते मुलांनो, गप्प राहावे असे मला एक क्षण वाटले. या वयात, इतके शिकून, सगळ्या पेठेला शहाणपण शिकवणारी बाई, तिने लशीचे आइस्क्रीम केले हे कोणाला सांगायचे?

प्रसूतिगृहातल्या सिस्टर मंगल यांच्या हातात कुपी ठेवली आणि गोठली होती हे सांगितले. त्यांनी ती जोरात हलवून खिडकीत ठेवली. थोड्या वेळात पांढरे कण तळाशी बसले.

"गेली ही," त्या म्हणाल्या. "उन्हापेक्षा थंडी हिला लवकर मारते. बोललात ते बरं झालं, आजी. मी आत्ता टोचलीच असती."

डबा त्यांनी उघडून पाहिला. खोके गार होते, पण गोठलेले नव्हते. मी नाइलाजाने ठेवलेले तेच नीट राहिले होते. प्रतिपिंडे लगेच टोचली. मीनल झोपेत होती. वर्ध्याहून आलेली तिची आई दारात उभी होती, लुगड्याचा पदर मुठीत.

"माह्यापासून तिच्यात गेलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता तिच्यापासून इच्यात नाही ना जानार, बाई?"

मी म्हटले, दुसरी कुपी आणते.

सिस्टरांनी फोन करून हडपसरच्या एका दुकानात लस आहे याची खात्री केली. मी पुन्हा टमटम, पुन्हा ते फाटक, पुन्हा हडपसर. या वेळी डब्यात तळाशी बर्फ, वर गोणपाटाचा तुकडा, वर वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि मग कुपी. परतताना दर पाच मिनिटांनी बोट घालून पाहत होते. फुलांना द्यावा तेवढाच गारवा. शेजारच्या माणसाने डब्यात काय आहे म्हणून विचारले, तेव्हा मी फुले आहेत असे सांगितले.

दुपारी पावणेतीनला त्या बोटाएवढ्या मांडीत सुई गेली. बाळ रडले आणि लगेच आईच्या दुधाला लागले. टोचून झाल्यावर दूध पाजायला काहीच हरकत नसते. अर्धा मिलिलिटर, चहाच्या चमच्याचा दहावा भाग. दोन पिढ्यांतून चालत आलेली एक वाट तेवढ्या थेंबाने अडवायची होती. मी त्या मांडीवरच्या कापसाच्या बोळ्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी घरी परतले आणि हात धुण्याआधी स्वयंपाकघरात गेले. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मीनलच्या आजाराचे कळले त्या दिवशी मी आपल्याकडचा तिचा चहाचा कप वेगळा केला होता आणि बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. हा विषाणू कपातून, ताटातून, एकत्र जेवण्यातून जात नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, मी वहीत लिहूनही घेतले. तरी ठिपका तसाच होता. तिने तो पाहिला होता आणि कधी काही बोलली नव्हती. त्या संध्याकाळी मी तो सुरीने खरवडला.

लशीचे बाकीचे डोस वेळच्या वेळी झाले. बाळ वर्षाचे झाल्यावर रक्त तपासायचे होते, ते परवा तपासले. विषाणू नाही, प्रतिपिंडे भरपूर आहेत. कागद घेऊन मीनल खाली आली, कडेवर लेक. एरवी चहा मीच करून बाहेर आणते, या वेळी ती स्वतःच आत गेली. कप एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. एकेक कप उलटा करून ती बूड पाहत असावी.

"काकू," तिने आतून विचारले, "माझा कप कुठला?"

"कुठलाही घे," मी म्हटले.