ओल्या सुंभाचा वास

परवा माठाखालची भिजलेली सुंभाची चुंबळ उचलली आणि त्या वासासरशी रेणापूरकडचं ते घर आठवलं. दुष्काळाचं वर्ष होतं. लातूर जिल्हा इतका नवा, की माझ्या फॉर्मवर जुन्या जिल्ह्याचं नाव शाईनं खोडलेलं होतं. मी समाजकार्य शिकत होते आणि बालगृहातून सांभाळायला दिलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीला भेटायला मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं. घर नीटनेटकं, मुलीची वेणी घट्ट घातलेली. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा तिच्या फ्रॉकला हाच वास येत होता. मी घटाघटा तांब्या रिकामा केला आणि घरच्या बाईंच्या देखतच विचारलं, "इथं बरं वाटतं का गं?" तिनं आधी बाईंकडं पाहिलं, मग म्हणाली, "हाव." मी 'समाधानकारक' लिहिलं. निघताना बाई विहिरीपर्यंत सोबत आल्या. काठावर ओल्या सुंभाचा दोर पडला होता, टोकाला लहान कमरेएवढा फास, शेजारी वाटी. "तळाला कपारीत झरा हाय," बाई सहज म्हणाल्या, "मोठं मानूस मावत न्हाई, म्हणून हिला सोडतो खाली. लई गुणाची हाय, रडत न्हाई." तिच्याच वयाची त्यांची दोन मुलं तिथंच खेळत होती. "आणि तुमची मुलं?" मी विचारलं. "न्हाई वो ताई, त्यांला भ्या वाटतंय." तेवढ्यात एसटीचा हॉर्न ऐकू आला. फॉर्म उद्या बदलू म्हणत मी पळत सुटले. तो बदलला नाही. अजूनही परक्या घरी कुणी पाणी पुढे केलं, की मी आधी विचारते, कुणी भरलं?