कारवानी आधी की ग्रेहाउंड

सोमवारी सकाळी भाऊ तलावावर जाळं काढायला गेले. छातीत दुखलं म्हणून पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसले. चंद्रपूरला नेताना वाटेत वारले.

एवढंच घडलं. मी शाळेत शिकवतो, त्यांच्या शेजारी राहतो. भेटेल त्याला हेच सांगतो. ऐकणारा विचारतो, "आन् कुत्री?"

भाऊंची ओळख अशीच होती. पोंभुर्ण्याच्या बाजूचं आमचं गाव धानावर आणि तलावाच्या मासोळीवर जगतं. कुत्री घरोघरी आहेत, पण ती दारात झोपणारी. भाऊंची मैना मात्र कारवानी, शिकारी जातीची. उंच पाय, लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं. "हिला खायला देत नाही का?" असं एका पाहुण्याने विचारलं, तर भाऊ म्हणाले, "टपावर पोते लादलेली यष्टी पळते का?"

शिकारीला बंदी आहे. आजोबांच्या काळातलं सशामागचं धावणं संपलं, याचं भाऊंना दुःख नव्हतं. सशाशी त्यांचं वैरही नव्हतं. कोणती जात जास्त पळते, एवढंच त्यांना पाहायचं होतं, आणि उत्तर आधीपासून ठरलेलं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

उन्हाळ्यात तलाव आटला की आत मैदान तयार होई. मोटारसायकलच्या मागे लांब दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी. पण मैना चिंधीमागे जाईना. मासेमाराच्या घरी वाढलेली ती. मग भाऊंनी चिंधीत सुकी मासोळी बांधली आणि मैना सुटली ती सुटलीच.

त्याच दोरीवर त्यांनी बाकीच्या जाती तपासल्या. मूलहून आणलेला रामपुरी चार पावलं धावला, वास घेतला, शिंकला आणि पळसाखाली जाऊन आडवा झाला. "रामपुरी गेला," भाऊंनी पारीवरून जाहीर केलं. लग्नाला आलेल्या कोणाचा तरी मुधोळ होता; मुधोळ म्हणजे कारवानीच असं काही म्हणतात, पण भाऊंना ते मान्य नव्हतं. गाडी सुरू व्हायच्या आधीच त्याने गाठोडं फोडलं आणि बसून खाल्लं. "मुधोळ बी गेला."

"भाऊ, ही तुलना नाही झाली. त्या कुत्र्यांना मासोळीची सवय नाही."

"मंग लावाची होती. मी मना केलं का, सर?"

एकदा मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं, की थोड्या अंतरात ग्रेहाउंड सगळ्यांत वेगवान. भाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"लिवनाऱ्यानं मैनेले पाहिलं का?"

"नाही."

"मंग?"

पण ते त्यांच्या मनातून गेलं नाही. चहाच्या टपरीवर लोक मुद्दाम काढत, "काऊन भाऊ, ग्रेहाउंड येऊन राह्यला म्हने!" भाऊ म्हणत, "येऊ द्या ना बाप्पा. मैनेले बी एकटं पळून कंटाळा आला." शेवटी गडचिरोलीच्या एका ठेकेदाराकडे ग्रेहाउंड असल्याचं कळलं. भाऊंनी त्याला इतके फोन केले की तो हो म्हणाला. तलाव आटल्यावर येतो म्हणाला.

मैनेच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे होऊ लागले होते. "औंदाच पाहाचं, सर," भाऊ म्हणाले. "पुढच्या साली हे पळन, पन असं नाई पळनार." आणि मग, जरा अवघडून, "मासोळी बांधाची नाई. कोनी नाव ठेवाले नोको."

त्या हिवाळ्यात रोज सकाळी ते शेताच्या बांधावर मैनेला कोरड्या चिंधीमागे धावायला शिकवत होते. तिला जमलंही.

मग तो सोमवार आला.

तेरवी केव्हाच झाली होती; तलाव आटला तशी ठेकेदाराची गाडी दारात थांबली. त्याला कोणी कळवलं नव्हतं. हार घातलेला फोटो पाहून तो तसाच मागे वळला. भाऊंची बायको बाहेर आली.

"आले तं पळवून पाहा. ते रोज तुमचीच वाट पाहत होते."

तलावात आम्ही थोडेच होतो. मैनेला मी धरलं होतं. कोणी आरडाओरडा केला नाही. गाडी सुटली, कुत्री सुटली. अर्ध्या वाटेवर दोघांमध्ये इतकं अंतर पडलं होतं की डोळे बारीक करून पाहायची गरज नव्हती. मैना सरळ धावत होती, कुठेही कमी पडत नव्हती. ती पोचली तेव्हा चिंधी ग्रेहाउंडच्या तोंडात होती.

परत आलो. भाऊंच्या घरी बाई तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"कोन आलं पुढं?"

"ग्रेहाउंड."

"लय पुढं?"

"हो, बाई. लय."

त्यांनी सूप दोनदा हलवलं.

"ते म्हनले असते, जमीन वली होती."

"नाहीतर दोरी वाकडी होती म्हणाले असते."

"नाई तं, त्या कुत्र्यानं गाडीत बसून आराम केला, आमची मैना पायी आली."

आम्ही दोघंही हसलो. बाई खडे वेचू लागल्या.

पुढे लेक येऊन त्यांना अहेरीला घेऊन गेली. तलाव आता भरला आहे. मैना माझ्याकडे असते.